हजेरीपटावरची पल्लवी

१२ जून
पल्लूला दहावीला चौऱ्याण्णव टक्के. पेढे वाटून झाले, आता वाद. यांचं म्हणणं लातूर. माझं म्हणणं इथंच, मुदखेडला, माझ्या कॉलेजात. एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, स्वतःच्या लेकीला शिकवता येणार नाही?
हे म्हणाले, "तू चांगलं शिकवतीस, कोण न्हाई म्हणतंय? पण दुकानात गिऱ्हाईक विचारतं, पोरगी कुठं घातली? मुदखेड म्हणू?"
पल्लूला विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, तुझ्या कॉलेजला आपल्या गल्लीतल्या सगळ्याच पोरी येतात."


२ जुलै
लातूर. सकाळच्या बसने तिघं. नीटची तयारी करून घेणाऱ्या संस्थेच्या भिंतीवर मागच्या मुलांचे फोटो, प्रत्येकाखाली क्रमांक. हे एकेक वाचत उभे, जसे काही भावकीतलेच आहेत. पल्लूची चाचणी झाली. तासाभरात निकाल: ‘ड’ बॅच. गुणांप्रमाणे बॅच, बॅचमध्ये गुणांप्रमाणे बाक. रविवारी परीक्षा, सोमवारी बाक बदलायचे.
मी लॅब बघायला मागितली. काउंटरवरची मुलगी गोंधळली. "लॅबचं इथं काही नसतं मॅडम. ते तुमच्या कॉलेजचं."
"आमचं कॉलेज म्हणजे?"
मग कळलं. ज्या कॉलेजच्या नावासाठी आलो, तिथं प्रवेश फक्त ‘अ’ आणि ‘ब’ बॅचला. बाकीच्यांनी नाव गावाकडं लावायचं, बसायचं इथं. "हजेरीचं सांभाळून घेणारं बघा," ती म्हणाली.
तिथंच उठायला हवं होतं. हे म्हणाले, "मग तर बरंच झालं. तुझंच कॉलेज हाय की."
होस्टेलला चार खाटांची खोली. शेजारच्या खाटेवर औश्याची सानिका. हसरी पोरगी, पल्लूच्या उशीला अभ्रा तिनंच घालून दिला. निघताना पल्लू रडली नाही. मीही नाही.

९ जुलै
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. सायन्सला खरे प्रवेश नऊच. तुकडी बंद पडायची वेळ. पण सर खुशीत. लातूरच्या संस्थेशी बोलणं झालंय, तिकडची मुलं नाव आपल्याकडं लावणार. यादी दाखवली. पल्लवीचं नाव सगळ्यात वर.
"तुमचीच मुलगी म्हटल्यावर बाकीचे पालक निर्धास्त आहेत मॅडम. मी फोनवर सगळ्यांना तेच सांगतोय."
तुकडी वाचली तर आम्ही चौघं मास्तर वाचतो. नाही तर अतिरिक्त ठरून कुठं फेकतील ते फेकतील. मी मान हलवली. सह्या केल्या.

२३ जुलै
नवातले आठ गेले. कुणी लातूरला, कुणी नांदेडला. त्यातल्या गोविंदच्या आईला दाखला देताना विचारलं, का नेता? बाई सरळ बोलली. "म्याडम, तुमी सोताचं लेकरू लातूरला घातलं अन् आमचं इथं ठिवायचं व्हय?"
दाखल्यावर शिक्का मारून दिला.

१ ऑगस्ट
आज पहिला तास. हजेरीपटावर अडतीस नावं. वर्गात एक मुलगी, मनीषा. वडलांची फुलशेती. पहाटे मोगरा तोडून, नांदेडची गाडी भरून देऊन मग कॉलेजला येते. दुसऱ्या बाकावर बसली होती. म्हटलं, पुढं ये. म्हणाली, "पुढची पोरं येतील ना मॅडम."
मी हजेरी घेतली. का घेतली, माहीत नाही, सवय. नाव घ्यायचं, थांबायचं, हजर मांडायचं. पल्लवीचं नाव आलं. थांबले. मांडलं.
मनीषा माझ्याकडं बघत होती.

१९ ऑगस्ट
प्रॅक्टिकल सुरू केलं. लॅबचे गंगाधरमामा म्हणाले, "एका पोरीसाठी येवढं सामान काढू का, म्याडम?" म्हटलं, काढा.
टायट्रेशन. ब्युरेटच्या नळीतून थेंबाथेंबानं सोडायचं, खालच्या बाटलीत रंग येईपर्यंत. मनीषाचा पहिला दिवस, तरी हात स्थिर. तिसऱ्या वेळी बरोबर फिकट गुलाबी आलं, आणि राहिलं. ती कितीतरी वेळ बाटली उजेडाला धरून बघत बसली. मग विचारते, "मॅडम, आधीच्या थेंबापर्यंत काहीच नव्हतं. मग या एका थेंबानं असं काय केलं?"
एकोणीस वर्षांत हा प्रश्न किती जणांनी विचारला? बोटांवर मोजण्याइतक्यांनी. दीड तास बोलत बसलो. मामांनी चहा आणला. घरी येईपर्यंत बरं वाटत होतं.
घरी आल्यावर पल्लूचा फोन. बाक मागं गेला.

दिवाळी, पाडवा
पल्लू आली आहे. वाळली. केस विंचरताना पुंजके निघतात, ती ते मुठीत लपवते. दिवसभर प्रश्नसंच. सहज विचारलं, फिनॉल्फ्थॅलिनचा रंग काय येतो गं? "गुलाबी. ऑप्शन बी." मी हसले. ती नाही हसली.
म्हटलं, चल, लॅबची चावी आहे, हाताने करून बघ एकदा. "आई, त्याला मार्क नाहीत."
दुपारी मनीषा फुलं घेऊन आली, पाडव्याची म्हणून. पल्लू आतल्या खोलीत जाऊन बसली ती मनीषा जाईपर्यंत बाहेर आली नाही.
हे दुकानात सगळ्यांना सांगतात, लातूरला आहे. कोणती बॅच ते कुणीच विचारत नाही. तेवढं बरंय.

१७ जानेवारी
पल्लूचा फोन. सानिकाचे वडील येऊन तिला औश्याला घेऊन गेले. आठ दिवस पोरगी जेवत नव्हती, वर्गात नुसती बसून राहायची. गादी गुंडाळून नेली तर तासाभरात दुसरी मुलगी त्या खाटेवर.
मी म्हटलं, तुला वाईट वाटलं असेल.
पल्लू म्हणाली, "ती माझ्या पुढं होती. मी एक बाक पुढं गेले."
आवाजात काहीच नव्हतं. ना वाईट, ना आनंद. फोन ठेवल्यावर मी ओट्याजवळ उभी राहिले, पोळी जळाली.

५ एप्रिल
अकरावी संपली. अडतीस मुलांचे अंतर्गत गुण भरले. सदतीस मुलांना मी पाहिलेलंच नाही. पल्लू सोडून म्हणजे छत्तीस. का पल्लूलाही धरू?

२८ जुलै
बारावी. पल्लू आता ‘ई’ बॅचला. ‘ई’च्या खाली बॅच नाही.
तिच्या होस्टेलच्या बाईंचा फोन: मुलगी पेपराला बसली आणि कोरा देऊन आली. यांना सांगितलं. हे म्हणाले, "आठवडाभर जाऊन राहा तिच्याजवळ." आणायचं नाव काढत नाहीत.
मी ठरवलंय. आणणार.

३० जुलै
लातूर. संस्थेसमोरच्या रसवंतीत दोघी बसलो. तिनं रसाला हात लावला नाही.
"चल घरी. माझ्याकडं शीक. अजून सात महिने आहेत."
"तुझ्या वर्गात कोण आहे?"
"मनीषा आहे."
"म्हणजे एकटीच. आणि मी आले तर लोक काय म्हणतील, ते राहू दे. पण बाकीच्यांच्या आईवडलांनी माझ्याकडं बघून नाव लावलंय ना तुझ्याकडं? ते म्हणतील, मॅडमनीच पोरगी काढून आणली, म्हणजे काही तरी आहे. एक गेला की सगळे जातील. तुझी तुकडी जाईल आई."
मी म्हणायला हवं होतं, जाऊ दे. मरू दे ती तुकडी.
ते म्हटलं नाही. कारण येताना लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी बसमध्ये नेमकं याचंच गणित करत बसले होते. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती उठली. म्हणाली, "तास आहे." रस्ता ओलांडून गेली. पाठीवर केवढी ती बॅग.

३१ जुलै
परत. हजेरी घेतली. तिचं नाव आलं तेव्हा मनीषा हळूच म्हणाली, "मॅडम, पल्लवी बरी हाय का?"
हजर मांडलं.

११ डिसेंबर
मनीषा पुस्तकातलं क्षार-विश्लेषण सगळं करून बसली. आज तिला कागदाची पुडी दिली, आत कोणतं सॉल्ट ते सांगितलं नाही. पावणेदोन तासांत शोधून काढलं. मधेच एकदा चुकली, खोडलं, पुन्हा पहिल्यापासून केलं. मी म्हटलं, नुसतं उत्तर बदलायचं होतं. "मग ते खरं कसं व्हईल?" म्हणाली.
लातूरहून प्रॅक्टिकलच्या वह्यांचा गठ्ठा आलाय. सदतीस वह्या, दोनतीन हातांची अक्षरं. एकही खाडाखोड नाही. पल्लूच्या नावाची वहीही कुणा परक्याच्या सुंदर अक्षरात.

६ फेब्रुवारी
बोर्डाची प्रॅक्टिकल. लातूरहून दोन गाड्या भरून मुलं आली. लॅब दोन वर्षांत पहिल्यांदा गच्च. मामांना ब्युरेट पुरवता पुरवता घाम फुटला.
पल्लू माझ्याच लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, आणि तिला नळीची तोटी कशी फिरवायची ते माहीत नाही. एकदम सोडलं. गडद जांभळं झालं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी अंतर्गत परीक्षक, जाता येत नव्हतं. शेजारून मनीषानं खालच्या आवाजात सांगितलं, "थेंबाथेंबानं सोड. बाटली हलवत राहा."
"मला माहितेय," पल्लू म्हणाली. मग दुसऱ्यांदाही जांभळंच.
चारला गाड्या गेल्या. पल्लू खिडकीत होती. हात केला नाही, मान हलवली.

त्याच दिवशी, पुढे
गुण लिहायला बसलो. बाहेरून आलेले परीक्षक, प्राचार्य आणि मी. लातूरच्या मुलांना तीसपैकी अठ्ठावीस ते तीस. पल्लूला एकोणतीस. मनीषाला सव्वीस.
मी म्हटलं, सर, आज सॉल्ट बरोबर ओळखणारी ती एकटीच आहे.
परीक्षक म्हणाले, "मान्य आहे हो. पण वहीत खाडाखोड फार. या वह्या बघा किती स्वच्छ."
"ती वही तिनं स्वतः लिहिली आहे."
प्राचार्य मधेच बोलले. "मॅडम, फुलवाल्याच्या मुलीला तीस आणि लातूरच्यांना अठ्ठावीस? उद्या संस्थेला काय तोंड दाखवायचं? सव्वीस काही वाईट नाहीत."
मी पल्लूचे कमी करा म्हणू शकत होते. ओठांवर आलं होतं. पण मग बाकीच्यांचं काय, आणि ती घरी आल्यावर... सही केली. तारीख घातली. पेन गंगाधरमामांचं होतं, परत द्यायचं विसरले.

२२ मे
निकाल. सायन्सचा शंभर टक्के. तालुक्यात पहिलं कॉलेज. गेटवर फलक लागला, त्यावर पल्लूसकट सहा जणांचे फोटो. सहाही जण इथं एक दिवस आलेले.
मनीषा गुणपत्रिका घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी. "मॅडम, प्रॅक्टिकलला सव्वीस पडले. माझं काय चुकलं? सॉल्ट बरोबर होतं ना?"
"बरोबर होतं."
"मग?"
बाकीचे मास्तर ऐकत होते. मी म्हटलं, परीक्षकांनी वहीचे कापले. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. पाया पडली. पाया पडली!
मी सांगायला हवं होतं की सही माझी आहे. ती गेटपर्यंत गेली तरी मी दारातच.

१४ जून
नीटचा निकाल. पल्लूचं काहीच नाही, कुठंच नाही. ती रडली नाही. म्हणाली, पुन्हा एक वर्ष लातूर. यांनी लगेच हो म्हटलं. "आता सोडलं तर दोन वर्षं वाया." मी म्हटलं, तुला नक्की काय शिकायचंय पल्लू? तिनं खूप विचार केला. खरंच केला. मग म्हणाली, "मला माहीत नाही आई. आधी माहीत होतं."

२० जून
मनीषाला नांदेडला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. सांगायला तिचे वडील आले होते, धाकटीला घेऊन. धाकटी, वैष्णवी, यंदा दहावी झाली. डोळे थेट मनीषाचे.
"म्याडम, हिला कुठं घालू? मनीषा म्हनती, म्याडमकडंच घाला. गावातले म्हनत्यात लातूर. म्याडमची पोरगी बगा, तिकडंच हाय, अवंदा पुन्ना चालली. तुमी सांगाल तसं करतो."
हे आत पल्लूची बॅग बांधत होते, चेन ओढल्याचा आवाज येत होता. पल्लू दारात येऊन उभी राहिली. वैष्णवीकडं बघत होती.
इथं म्हणावं तर अडतीस नावांच्या वर्गात ही एकटी बसणार. लातूर म्हणावं तर...
म्हटलं, उद्या सांगते.
पल्लू म्हणाली, "आई, आत्ता सांग ना."
मी चहाचं आधण ठेवायला उठले. ते उद्या दहाला येणार आहेत. जाताना फॉर्म ठेवून गेले. नाव, गाव, टक्के सगळं वैष्णवीनंच भरलंय, गोल अक्षरात. कॉलेजचं नाव तेवढं मोकळं आहे.