माझ्या नावाचं प्रोटीन

६ फेब्रुवारी
सापडलं! शिंपला ज्या धाग्यांनी खडकाला घट्ट धरून बसतो, त्या धाग्यांत एक प्रोटीन सापडलंय, जे जगात कुणालाही ठाऊक नाही. आमच्या मास स्पेक्ट्रोमीटरने, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्यांचं वजन करणाऱ्या मशीनने, तुकड्यांची वजनं दिली. समुद्रातल्या समस्त प्राण्यांच्या यादीशी ताडून पाहिली. एकाशीही जुळेनात! एकोणीस वर्षं या संस्थेत घासली, त्याचं चीज झालं.
संकल्प : कुणालाही सांगायचं नाही. बायकोलासुद्धा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बायकोला सांगितलं. ती म्हणाली की छान झालं, आता दूध घेऊन या.

९ फेब्रुवारी
विभागप्रमुखाची जागा रिकामी होतेय. उमेदवार दोनच : मी आणि साखर. साखर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची शास्त्रज्ञ. बोलणं इतकं गोड, की मी मनातल्या मनात तिचं नावच तसं ठेवलंय. संचालकसाहेबांनी सांगितलं की अठ्ठावीसला दोघांनी कमिटीपुढे आपापलं काम मांडायचं.
दुपारी साखरेने विचारलं की सर, चहा घेणार का. तशी ती रोजच विचारते, पण आजचा सूर वेगळा होता. कुठेतरी पाणी मुरतंय.

१० फेब्रुवारी
बंदोबस्त वाढवला. नमुने यापुढे काचेच्या पेटीत तयार करणार नाही. धूळ पडू नये म्हणून पेटी असते, मान्य. पण ती साखरेच्या टेबलाला लागून आहे आणि काचेतून आरपार दिसतं त्याचं काय? आता सगळं काम मशीनच्या खोलीत, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. हातमोजे मशीनबाईंच्या कपाटात असतात. (मशीनबाई म्हणजे मशीनच्या प्रमुख.) त्यांच्याकडे मागितले की मी काहीतरी महत्त्वाचं करतोय अशी दवंडीच पिटल्यासारखं. म्हणून हातमोजे बंद.
मशीन तापू नये म्हणून खोली गारठवून टाकलेली असते. बायकोने विणलेला करडा लोकरी स्वेटर मी तिथे बारा महिने घालतोच, तो आता कामी आला. टोचतो, पण बाह्या ऐसपैस आहेत. नळ्या बाहीत लपवून नेता येतात. कुणाला पत्ता लागत नाही.

१३ फेब्रुवारी
मशीनबाईंनी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की तुम्ही भेसळीची यादी चालू ठेवली आहे ना. या यादीत केस, कातडी, धूळ वगैरेंची प्रोटीन्स असतात. त्यांच्याशी काही जुळलं की मशीन ते निकालातून वजा करतं. मी ती जानेवारीतच मशीनवरून बंद केलीय, सगळ्यांसाठीच. शिंपल्यात केस शोधून काय करायचंय? शिवाय यादी बाईंच्या हातात. त्यांनी मध्येच एक ओळ घुसडली तर माझा शोध धूळ म्हणून केरात! आणि बाई जेवायला कुणाबरोबर बसतात? साखरेबरोबर.
मी म्हणालो की चालू आहे. मोठ्या कामात थोडी गुप्तता लागतेच.

१७ फेब्रुवारी
प्रोटीन दर खेपेला वाढतंय! जातीने धाग्याचं : लांब, पिळदार, चिवट. शिंपल्याच्या धाग्यात नाही तर कुठे सापडणार?
एक गंमत झाली. पडताळा म्हणून नुसत्या पाण्याची नळी लावली होती, तर तिच्यातही तेच प्रोटीन. मग डोकं चालवलं. इतकं चिकट प्रोटीन आहे की मशीनलाच चिकटून बसलं! गोंद म्हणून त्याला तोड नाही.
नाव ठरलं. माझं आडनाव आणि पुढे ‘इन’. कानाला बरं लागतं.

१९ फेब्रुवारी
दोघी जेवायला गेल्या तेव्हा साखरेचं टेबल पाहून घेतलं. कोळंबीवर काम करते म्हणे. म्हणायला काय जातं? सहा नळ्या उघडल्या, उजेडात धरल्या, वास घेतला, एकेकीत डोकावलो. डोकं खाजवत बराच विचार केला. संशयास्पद काही सापडलं नाही.
म्हणजे लपवण्यात तरबेज आहे.

२३ फेब्रुवारी
चोर सापडला!! मशीनच्या कॉम्प्युटरवर साखरेचे निकाल उघडे होते. (मीच उघडले, पण पासवर्ड नसलेली फाइल उघडीच म्हणायची.) तिच्या कोळंबीत माझं प्रोटीन! वजनं तंतोतंत तीच. कोळंबी कधी खडकाला चिकटून बसलेली पाहिलीय कुणी? मग हे प्रोटीन तिच्याकडे आलं कुठून? माझ्याच नळ्यांतून.
हिचं म्हणणं की आधी त्या मुलीलाच विचारून बघा ना. ही भोळी आहे. हिला संस्थेतलं राजकारण काय कळणार.

२५ फेब्रुवारी
साखर स्वतःहून आली. म्हणाली की सर, माझ्या नमुन्यांत काहीतरी विचित्र येतंय, जरा बघता का. काय हा कांगावा! मी म्हणालो की अठ्ठावीसला सगळ्यांसमोरच बघू. तिचा चेहरा पडला. मला समाधान वाटलं.

२७ फेब्रुवारी
घरी रंगीत तालीम. धाग्याचा मोठा करून काढलेला फोटो हिला दाखवला. ही म्हणाली की अगदी माझ्या लोकरीसारखा दिसतोय. कौतुकानेच म्हणाली. उद्या शुभ रंग म्हणून स्वेटरच घालून जाणार.

२८ फेब्रुवारी, दुपार
सुरुवात उत्तम झाली. शेवटी पडद्यावर दोन्ही निकाल शेजारी शेजारी लावले आणि चोरी झाली असं स्पष्ट सांगितलं. साखर पांढरीफटक.
मग मशीनबाईंनी साहेबांना विचारलं की भेसळीची यादी एकदा चालू करून बघू का. साहेब म्हणाले की करा.
पडद्यावर पहिलं नाव आलं : केरॅटिन, माणसाच्या केसातलं आणि कातडीतलं. दुसरं : केरॅटिन, मेंढीचं.
साहेबांनी माझ्या स्वेटरकडे पाहिलं. कमिटीने पाहिलं. मीही पाहिलं.
साहेबांनी विचारलं की मग मेंढी यांच्या कोळंबीत कशी गेली. बाईंनी गेल्या वर्षभराचे सगळ्यांचे निकाल तपासले. मेंढी आणि माणूस जोडीने निघाले ते साखरेच्या सहा नळ्यांत, बाईंच्या दोन, आणि गेल्या ऑगस्टमधल्या एका बाटलीत. ती बाटली साहेबांच्या खोलीतल्या बंद कपाटात होती. मी कुठेकुठे डोकावलो याचा नकाशाच पडद्यावर होता.
साहेबांनी विचारलं की ऑगस्टमध्ये माझ्या कपाटात काय बघत होतात.
आठवेना. खरंच आठवेना.

संध्याकाळ
हिला सांगितलं की कमिटी विचार करतेय.

१ मार्च
साखर विभागप्रमुख झाली. दुपारी माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता सुनावणार. तिने विचारलं की सर, चहा घेणार का. सूर रोजचाच होता. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. चहा घेतला.

४ मार्च
मशीनबाईंनी भेसळीच्या यादीत नवी नोंद केलीय. माझे केस, माझी कातडी, हिची लोकर, सगळं एकत्र. नाव दिलंय माझ्या आडनावाचं. म्हणाल्या की राग मानू नका, ओळखायला काहीतरी नाव लागतंच. यापुढे कुणीही कसलाही नमुना लावला तरी मशीन आधी मला शोधणार आणि वजा करणार.
घरी एवढंच सांगितलं की एका प्रोटीनला माझं नाव लागलं, कायमचं. हिचे डोळे भरून आले. लगेच बहिणीला फोन केला. संध्याकाळी पाहतो तर लोकर आणून दुसरा स्वेटर विणायला घेतलेला. म्हणाली की आता तुम्हाला त्या थंड खोलीत आणखीच बसावं लागेल.
त्या खोलीत मला आता मनाई आहे. उद्या सांगेन.