फुलपाखरांच्या गावचा माळी

१९ मार्च
आणि आईने गावाहून फोनवर घोड्याचं पुन्हा काढलंच. म्हणे, घोडी मेली, आता नोव्हेंबरात फुलपाखरं बघायला येणारे लोक डोंगरावर काय तुझ्या पाठीवर बसून जाणार? घोडा नसेल तर लोक न्यायची आपली पाळी एलाडिओला मिळेल. एलाडिओ, माझा चुलतभाऊ. टोपी काढून हसण्यापलीकडे त्याला काही येत नाही. सांगितलं, आठशे डॉलर पाठवतो. पांढरा बघा.

२३ मार्च
फुलपाखरं टेक्सासात पोचली. हिवाळाभर आमच्या गावच्या झाडांना लटकून फुकट झोपा काढल्या, आता इथे माझ्या मागे. इथले गोरे बघून डोळे पुसतात. आई तर फुलपाखरांना परत आलेले वारलेले आजोबा समजते.
मिसेस केलरकडे गवत कापतो. म्हातारीने गाव विचारलं. म्हटलं, मिचोआकान, फुलपाखरांचं जंगल, माझ्याएवढं त्यातलं कुणाला कळत नाही. तिने लगेच रुईसारखी चिकाची झुडपं माझ्या हवाली केली. एप्रिलअखेर आठशे डॉलर जादा. फुलपाखरांसाठी लावलीत म्हणे. साधं तण आहे. तरी पाणी घातलं.

२८ मार्च
उद्यापासून इंग्रजी.

३१ मार्च
इंग्रजी सोमवारपासून. खोलीतला चेमा विचारतो, तुला खरंच कळतं का रे त्यातलं? म्हटलं, तू मक्याच्या मुलखातला पुएब्लावाला, तू मका बघ.

४ एप्रिल
झुडपांना कीड. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या, नुसते दांडे ठेवलेत. जन्म फुलपाखरांत गेला, असली घाण आमच्या जंगलात कधी पाहिली नाही. टेक्सासचाच रोग. म्हातारी लेकीकडे गेलीय. असती तर रडत बसली असती. तंबाखू, साबणाचं पाणी, फवारा. एक सोडली नाही.

५ एप्रिल
आईने डुकरीण विकून घोड्याचा विसार दिला. शाबास. खोगीर लाल हवं.

७ एप्रिल
म्हातारी आली. झुडपं दाखवली. तिने एक मेलेली अळी तळहातावर घेतली. मग हळूच म्हणाली, पोरा, यांचीच फुलपाखरं होतात.
आता आमच्याकडे ती मोठी होऊनच येतात. लहानपणी कशी होती याची चौकशी आम्ही कशाला करायची?
चेमा भिंतीला टेकून हसला. म्हणाला, उद्या अंडं बघून कोंबडी कुठाय विचारशील.

८ एप्रिल
म्हातारीने दुसरा माणूस ठेवला. बागेतलं तिला कळतं कुठे.
आईचा फोन. घोडेवाला दारात बसलाय, उरलेले कधी? अळ्यांचं सांगितलं नाही. आजोबांचा विषय निघाला असता. म्हटलं, घाई कसली, शहाणा माणूस आधी लगाम घेतो, घोडा मागून. लगामाचे पाठवतोय.
पस्तीस डॉलर.