बाटलीचं नाव

३ मार्च

मोठ्या जाऊबाईंनी अखेर हो म्हटलं. त्यांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत त्या इतकी वर्षं बादलीत डाग काढायचं पाणी घुसळून ठेवतात, ते आता बाटल्यांत भरून विकायचं. शाई असो, चहा असो, ग्रीस असो – दोन थेंब टाकले की साफ. गिऱ्हाईकंच मागे लागलीत, थोडं घरी न्यायला द्या म्हणून.

जाऊबाई मुलखाच्या अबोल. एवढंच म्हणाल्या, "पाणी मी करते. नाव तू शोध. दिवसभर छापखान्यात लोकांच्या चुका शोधतेस, तेवढं जमेल."

जमेल? मी तर टपूनच बसले होते.

५ मार्च

डागविनाशक – उंदराचं औषध वाटतं.
शुभ्रधारा – दूध वाटतं. कुणी प्यायलं तर निस्तरायचं कुणी?

८ मार्च

जेवताना ह्यांना विचारलं. घास चावता चावताच म्हणाले, "धुलाई." वाईट नाही. पण मग गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणणार, मला एक धुलाई द्या, जरा मोठी द्या. हे इतके हसले की ठसका लागला.

पाणी पिऊन झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, "क्लीनोमॅक्स ठेव. वजन येतं."

वजन येतं खरं, पण ते उचलणार कोण? छापखान्यात सकाळी चौघांना हे नाव सांगून ठेवलं आणि दुपारी विचारलं. एकाला क्लोरोमॅक्स आठवलं, एकाला मॅक्सोक्लीन. तिसरा म्हणाला, "ते खोकल्याचं ना?" चौथ्याला मी काही सांगितलं होतं हेच आठवेना.

११ मार्च

मिळालं!

संध्याकाळी लाँड्रीत सहज डोकावले होते. एक बाई कोट घ्यायला आली होती. पुढच्याच बाजूवर कॉफीचा हा एवढा डाग होता म्हणे. काउंटरवर कोट उलटापालटा करून शोधतेय, दिव्याखाली धरतेय. "अहो, इथेच तर होता. केवढा होता!"

जाऊबाईंनी इस्त्रीवरून मान वर न करता म्हटलं, "कुठे काय?"

बाई हसत हसत गेली, आणि मी तिथेच उभी. कुठे काय! शर्टाला काय लागलं? – कुठे काय? हेच नाव.

बोलल्या त्या, पण कान माझेच ना टवकारलेले. नुसतं बोलून काय होतं, ऐकणारा लागतो.

१२ मार्च

जाऊबाईंना पटेना. "ही कसली थट्टा? लोक हसतील."

"हसू देत की, ताई. हसलेलं माणूस विसरत नाही."

मग मी त्यांना नीट समजावलं. नवं नाव म्हणजे पाहुणा, लोकांना त्याची ओळख करून द्यावी लागते. हे तर घरातलंच आहे. प्रत्येक घरात दिवसातून दहादा कुणीतरी कुणाला "कुठे काय" म्हणतंच. तेवढ्या वेळा आपली फुकटात जाहिरात. शिवाय नावानं सगळं सांगून टाकू नये, थोडं समोरच्याला ओळखू द्यावं. त्याला वाटतं, आपण हुशार. आणि ज्यानं आपल्याला हुशार ठरवलं, त्याला कोण विसरतो?

जाऊबाई म्हणाल्या, "बरं."

२० मार्च

लेबलं छापून आली. छापखान्याचे मालक म्हणत होते, शेवटचं प्रश्नचिन्ह चुकून राहिलंय का? म्हटलं, हात लावू नका, सगळी गंमत त्यातच आहे. पांढऱ्या लेबलावर फक्त दोन शब्द आणि ते चिन्ह. अशी देखणी बाटली दिसते की बास.

२ एप्रिल

नाक्यावरच्या दुकानदाराकडे ठेवलेल्या बाटल्या संपल्यासुद्धा. त्यानंच सांगितलं – एक आजोबा आले, म्हणाले, "कुठे काय आहे का?" हा म्हणाला, "काय हवंय?" – "कुठे काय." – "अहो, पण काय?" तोवर मागची रांग हसून लोटपोट. रांगेतल्या प्रत्येकानं एकेक बाटली नेली. डाग असो वा नसो!

१९ एप्रिल

उद्योग करणाऱ्या बायकांच्या मंडळानं मला बोलायला बोलावलं. विषय – लक्षात राहणारं नाव. मी तासभर बोलले, एकही जांभई दिसली नाही. आता रस्त्यात लोक ओळखतात, "त्या नाववाल्या बाई" म्हणून.

जाऊबाई आल्या नाहीत. बाटल्या भरायच्या होत्या.

२० एप्रिल

हे म्हणाले, "काल वहिनींना एकटीला पडलं सगळं. हात बघितलेस का त्यांचे?" बोटांची सालं निघालीत. मी हातमोजे आणून दिले. मोजे घालून अंदाज येत नाही म्हणाल्या.

२७ एप्रिल

बाटल्यांची झाकणं घट्ट करता करता जाऊबाई आपण होऊन बोलल्या. नवलच.

"आज एक बाई म्हणाली, पाणी काय, असलं कुठेही मिळतं. पण नाव झकास आहे हो."

मी म्हटलं, "बघा! म्हणत नव्हते मी?"

त्या पुढचं झाकण लावायला लागल्या.

४ मे

मोठ्या साबण कंपनीचा माणूस लाँड्रीत आला होता. चकचकीत बूट, गोड बोलणं. नाव कसं सुचलं विचारलं, मी सगळं रंगवून सांगितलं. मला छापखान्यात जायची घाई होती म्हणून निघाले. नंतर तो मागच्या खोलीत जाऊबाईंशी बराच वेळ बोलत बसला म्हणे. त्यांच्याशी काय बोलणार, त्या हूं म्हणणार नि गप्प बसणार. आमच्या नावावर डोळा आहे त्यांचा, दुसरं काय! मी ह्यांना सांगून ठेवलंय, सहजासहजी द्यायचं नाही.

९ मे

जाऊबाईंनी पाण्याची कृती साबणवाल्यांना विकली. सहीसुद्धा झाली. यापुढे ते पाणी त्यांच्या कारखान्यात होणार, त्यांच्याच जुन्या नावाखाली. आमच्या बाटल्या बंद.

"आणि आपलं नाव?" मी विचारलं.

"ते त्यांना नको होतं. तुझ्याकडेच राहू दे." राग नव्हता. हात इस्त्रीवर होता, नेहमीसारखा.

मी काउंटरवरची एक बाटली उचलून दिव्याखाली धरली. मग म्हटलं, "ताई, त्यात घालत काय होता हो तुम्ही?"

त्यांनी इस्त्री उभी केली. माझ्याकडे बघून जरा हसल्या.

"आता नाही गं सांगता येणार. आधी विचारायचंस."