हरभऱ्याएवढा लाल दिवा

२ मार्च, रविवार
हिशेबाची वही वेगळी, ही वेगळी. हिच्यात मनातलं. ह्यांना वाचायचा कंटाळा आणि सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, अक्षर येत नाही, म्हणून कपाटाला कुलूप लावायचीही गरज नाही.
आज हे आपणहून म्हणाले, "औंदा रंगपंचमीला मढीला ट्रॉली काढू. गल्लीतल्या बायांना सांग."
लेक सुकन्या नर्सिंग पास झाली की कानिफनाथांच्या गडावर स्वतः येऊन नारळ वाढवीन, असा मी नवस बोलले होते. ती पास होऊन पाच वर्षं झाली. दरवर्षी कधी म्हैस व्यायची, कधी आत्याबाईंचा गुडघा. घरात कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी मीच निघते. यंदा नाही. चौदा बायांत पहिलं नाव माझं लिहिलं.

३ मार्च
ट्रॅक्टर धुतला. हळदकुंकू वाहिलं. हे सीटवर बसून फोनवर बोलत होते, चावी चालू. इंजिन बंद, तरी काट्यांच्या पाटीवर एक लाल दिवा जळतोय. विचारलं, हा कशाला? म्हणाले, "असतोय त्यो."
असतो हे काही उत्तर नाही. आपल्याकडे रिकाम्या खोलीत दिवा जळत नाही.

४ मार्च, दुपारी
हे बाजाराला गेल्यावर पाटीमागून हात घातला. होल्डर फिरवला, बल्ब निघाला. हरभऱ्याएवढा. देव्हाऱ्यातल्या वातींच्या डबीत ठेवला, कधी लागला तर असावा. बॅटरीचं आयुष्य वाढलं. कोणाला सांगितलं नाही. पुण्यकर्म सांगू नये.

७ मार्च
फळ लगेच दिसलं. ट्रॅक्टर चालू असताना चार्जिंगचा काटा बघितला. आधी अधिककडे असायचा, आता वजाकडे. खर्च वजा झाला. मॅट्रिकला गणितात एकोणसत्तर होते, उगाच नव्हते.
इंजिनच्या उष्णतेचा काटाही खाली आलाय. गाडी थंड चालतेय. नाथांची कृपा.

१० मार्च, एकादशी
ट्रॅक्टर चालू झाला नाही. टक् करून गप्प. सहा जणांनी ढकलला तेव्हा धुरासकट उठला. ह्यांनी उपवासाच्या दिवशी तोंड खराब केलं.
माझं मत: वायरी बसतात ते बॅटरीचे खांब कळकटले. देवाची तांब्याची भांडी मी चिंचेने घासते, तसे तेही घासले. लखलखले. हाताची थोडी आग झाली.

१२ मार्च
बॅटरी तिसगावला नेऊन चार्ज करून आणली. पहिल्या फटक्यात चालू. चिंचेचा गुण. काटा वजाकडेच, म्हणजे बचत चालू आहे.
आत्याबाईंनी मढीसाठी नवं लुगडं काढून ठेवलंय. गुडघा यंदा चांगला आहे.

१५ मार्च
पुन्हा टक्. आत्याबाई म्हणाल्या, "सत्यशीला, तुझा हात लागला की चालती वस्तू बी बसती." गेल्या वर्षी मिक्सर आपला आपण जळाला होता.
हे म्हणतात डायनामा गेला. खोलून कार्बन बदलून आणला. काटा वजा.
आता वजाकडे बघवत नाही, पण तत्त्व बरोबर आहे.

१७ मार्च, संकष्टी
आरती करताना वातींची डबी उघडली. बल्ब दिसला. क्षणभर मनात आलं ते लिहीत नाही.
बरं, लिहिते. त्याच्यामुळे तर नाही? छे. तो करंट खातो, देतो थोडाच! खाणारं एक तोंड कमी केल्यावर घर उपाशी राहतं का? डबी बंद केली. चंद्र दिसला, जेवले.

१८ मार्च, संध्याकाळी
ट्रॅक्टरचे पुढचे दिवे निरांजनाएवढे लागतात. हे म्हणाले, "येताना अंधार पडंल. घाटात बंद पडला तर बाया ढकलत्याल का?" ट्रॉली रद्द.
शेजारची जया म्हणाली, आमचा पिकअप हाय की. पुढं हे आणि तिचा नवरा. मागं बाया तेरा. दाटीदाटीने.
आम्ही चौदा. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. हे म्हणाले, "तसंबी उद्या गहिनीनाथ वायरिंगवाला येणार हाय. घरात कोणीतरी लागंल." आणि वर, "तुझा नारळ मी वाढवून येतो."
स्वतः येऊन, असा नवस बोललेय मी. नारळ सोलून पिशवीत ठेवला. प्रसादाच्या रेवड्या आणायला रिकामा डबा दिला.

१९ मार्च, रंगपंचमी
सकाळी सात: पिकअप गेला. आत्याबाई पुढं बसल्या, हे मागं बायांत.
अकरा: गहिनीनाथ आला. पाटी खोलली आणि दोन मिनिटांत म्हणाला, "काकू, हितला बल्ब कुठाय?"
मी म्हणाले, उंदीर.
"उंदराला होल्डर फिरवता येतोय व्हय?" मग सांगितलं, "चावी दिली की ह्या बल्बातनं थोडा करंट डायनाम्याला जातो, तवा त्यो जागा हुतो. बल्ब न्हाई तर निस्ता फिरतोय, बॅटरी काय भरत न्हाई. काटा लई दिवस वजात आसंल ना?"
मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, सापडला हो, सीटखाली होता.
त्याने बल्ब उजेडाला धरला. कुंकू लागलेलं, कापूस चिकटलेला. "सीटखाली देवपूजा हुती का, काकू?"
बल्ब बसवून, सोबत आणलेल्या बॅटरीवर ट्रॅक्टर चालू केला. लाल दिवा लागला आणि इंजिन उठल्यावर विझला. काटा अधिककडे. पैसे घेतले नाहीत, बल्ब घरचाच म्हणाला. फटफटीला किक मारून म्हणाला, "मी मढीलाच चाललोय. माझी आई बी तिथं हाय. बसा मागं, तासात गडावर."
दारात चप्पल होती. पायात घातलीही होती.
मी म्हणाले, "नको. घरात कोणीतरी लागतं."
हे मीच म्हणाले. कोणी म्हणायला घरात नव्हतंच.
चार वाजता: ट्रॅक्टरवर चढून बसले. चावी अर्धी फिरवली. लाल दिवा लागला. म्हशीच्या धारेची वेळ होईपर्यंत जळू दिला.