पुरलेला वेल

ताराज, १८ एप्रिल

ती. अगाताताईस,
युस्तिनाचा सप्रेम सलाम, वि. वि.

पत्र पावलं. पानभर आनंद, पानभर मुळे आणि शेवटी टोमणा, की मी चर्चमध्ये गात का नाही. ताई, तुझं बरं आहे, तुला मुळा उगवला तरी देव भेटतो. मी तोंड उघडते आणि पुरुषांच्या बाजूची, खिडकीजवळची ह्यांची रिकामी जागा दिसते.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. गल्लीतल्या सगळ्यांनी थंडीपुरते पुरलेले द्राक्षवेल उकरून मांडवावर चढवले. आमचा अजून मातीखालीच आहे. ऑक्टोबरात ह्यांनी मला हात लावू न देता तो एकट्यानं निजवला, आणि दोन आठवड्यांत स्वतःच गेले. त्यांच्या हातची ती माती माझ्यानं मोडवत नाही. शेजारची राउशान रोज कुंपणावरून ओरडते, की वेल कुजेल. कुजू दे.

माझी निळी शाल मात्र पाठव. सुगीच्या सणाला तू आली होतीस, तेव्हापासून ती गायब आहे.

लोभ आहेच, तो शालीसकट परत यावा.
तुझी युस्तिना

बेर्गताल, २ मे

चि. युस्तिनास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

शाल मी नेलेली नाही! आपल्या पंथात शपथ घेत नाहीत, नाहीतर सगळ्या मंडळीसमोर घेतली असती.

आता माझी फजिती ऐक. पंधरा मेचा थंड सोफीचा दिवस, म्हणजे शेवटचा गारठा, उलटल्याशिवाय टोमॅटो बाहेर लावायचे नाहीत, हे आजीनं आपल्याला दुधाबरोबर पाजलं होतं. पण शेजारच्या हेलेनाच्या आधी माझे लाल व्हावेत म्हणून मी ते एप्रिलातच लावले, वर तिला मुद्दाम बोलावून दाखवले. परवा दहिवर गोठलं आणि सगळी रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी पडली. वाफ्यात बसून आधी रडले, मग माझंच मला जे हसू फुटलं ते थांबेना. गर्वाचं घर खाली म्हणतात, माझा तर वाफाच खाली! हेलेना आपली उरलेली रोपं देऊन गेली. टोमणा तिनं फाटकापर्यंत आवरला, मग मारलाच.

युस्ते, आनंद करा असं लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात होता, लग्नाच्या पंगतीत नव्हता. दुःख असतंच. पण तुझ्या कोर्नेलियसनं वेल पुरला तो उकरायच्या भरवशावर. माणसालाही आपण त्याच भरवशावर मातीत ठेवतो ना? फावडं घे. नाहीतर गुडघ्याला पट्टा बांधून, देशाची सीमा ओलांडून मी येते, आणि आले की उकरताना गाणारही आहे.

आवाज माझा तुला माहीत आहेच. तरी लोभ ठेव.
तुझी अगाताताई

ताराज, १२ मे

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

चोर सापडला!

तुझ्या गाण्याच्या धाकानं फावडं घेतलं. राउशान थाळीभर तळलेले बाउर्साक घेऊन पहाऱ्याला बसली. वरचे फाटे कुजलेलेच निघाले. मी फावडं टाकलं, पण राउशान म्हणाली, खोडापर्यंत गेल्याशिवाय ती उठायची नाही. पेंढा बाजूला केला, तर खोडाभोवती गुंडाळलेली माझी शाल! आईनं लग्नात विणून दिलेली! पेंढा कमी पडला म्हणून ह्यांनी ती पेटीतून पळवली, आणि मी घर पालथं घालत होते तेव्हा साळसूदपणे माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होते!

ताई, जिवंतपणी कधी झापलं नसेल असं मी त्यांना झापलं, नाव घेऊन, मोठ्यानं. झापता झापता हसू आलं. राउशानला वाटलं, हिचं डोकं फिरलं, ती पाणी आणायला धावली. सांगितल्यावर तीही मातीत बसून पोट धरधरून हसली. शालीखाली कोंब होते, पांढरेफटक, बोटभर. त्यांना एकदम ऊन सोसत नाही, म्हणून शालच सावलीला टांगली आहे.

रविवारी गायले. खिडकीजवळची जागा रिकामीच होती, रडू आलं, सूर चुकला, पण शेवटपर्यंत गायले.

तुझ्यावर आळ घेतला, क्षमा कर आणि ऑक्टोबरात वेल निजवायला ये. शाल पुन्हा खालीच जाणार आहे. आणि ह्या वेळी ती मी माझ्या हातानं देणार.

लोभ असाच उबदार राहू दे.
तुझी युस्तिना