वैशाखऱ्याला दिलेला साखरेचा पुडा

मुक्काम मुरबाड

तीर्थरूप धर्मामामा यांस,

राघोचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे. तुमचा गुडघा आता वळत असेल आणि मामीचा खोकला उतरला असेल, अशी आशा आहे. हल्ली तुमच्याकडे गुळाचा चहा होतो असे कळले. प्रकृतीला तोच चांगला.

घडले ते असे. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी लाकडी कोळशावर चालतात हे तुम्ही पाहताच (चढ आला की उतारूंनी ढकलायच्या). त्या कोळशासाठी आमच्या कंपनीचे हॅमंडसाहेब वैशाखरे गावाला जातात आणि मी त्यांचा दुभाष्या. साहेबांची रीत अशी, की ओट्यावर बूट टेकण्याआधी भाव विचारायचा. वैशाखऱ्याची रीत अशी, की आधी पाणी, मग पाऊस, मग बैलांची चौकशी, आणि भाव निघालाच तर पाहुणा उठताना. मागच्या खेपेला साहेबांनी घड्याळ पाहिले आणि गावचे जयराम पाटील "बघू" म्हणाले. साहेब खूश होऊन मुंबईला गेले आणि कोळशाची वाट पाहत बसले. (त्या "बघू"चा अर्थ मी सांगितला असता, पण त्यांनी विचारले नाही.) या खेपेला सौदा झाला नाही तर माझी नोकरी गेली, हे मात्र त्यांनी मला चांगले समजेल अशा मोडक्या मराठीत सांगितले.

तेव्हा मी सुचवले, की मोकळ्या हाताने जाऊ नये, साखर न्यावी. रेशनच्या दिवसांत साखर म्हणजे केवढी गोष्ट! साहेबांना पटले. ओट्यावर गावचे पाच वडीलधारे बसले होते. पाटलांची मुलगी रंभा पाण्याचा तांब्या घेऊन आली. आता साहेबलोकांत काही द्यायचे ते आधी बाईमाणसाला. साहेबांनी उठून टोपी काढली, लवून पुडा रंभाच्या हातात दिला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून इंग्रजीत माझी खूप तारीफ केली (ती मी संकोचाने मराठीत सांगितली नाही). पंचांसमोर मुलीच्या हातात साखरपुडा! पंचांनी पाटलांकडे पाहिले, पाटलांनी आत घराकडे. शेवटी पाटलीण धोंडूबाई म्हणाल्या, "येवढा मोटा मानूस पोराचा वडीलधारा होऊन आलाय. आता नाय कसा म्हनायचा?"

पाटलांनी विचारले, "तारीक कवाची धरायची?" मी गडबडीत साहेबांना सांगितले, माल कधी उचलणार असे विचारतात. साहेब म्हणाले, जितक्या लवकर तितके बरे. तेवढे मात्र मी जसेच्या तसे मराठीत सांगितले.

मग कोळशाला काही अडचणच उरली नाही. जावयाच्या कंपनीला नाही कोण म्हणेल? परतताना साहेबांना खरा प्रकार सांगितला. ते म्हणाले, लग्न मोडले तर कोळसाही गेला, तेव्हा लग्नाची रजा कंपनी देईल. नोकरमाणसाने काय करावे?

आईने माझ्यासाठी तुमची कमळ मनात धरली आहे, हे मी विसरलो नाही. मला फार वाईट वाटते. तुम्ही म्हणाल तर पुडा परत आणतो. नोकरी गेली तर गेली.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
राघो

ता. क. – परत आण म्हणू नका. घर आपल्यातलेच आहे, आणि रंभा मला मागच्या खेपेपासूनच आवडते. आईला तुम्हीच समजवा, ती तुमचेच ऐकते. लग्नात माझ्या पाठीशी मामा म्हणून तुम्हीच उभे राहायचे.

आणखी एक – कमळवर रागावू नका. मुरबाडात साखर मिळेना, तेव्हा तुमच्या डब्यातली साखर तिनेच पुड्यात बांधून दिली, आणि पुडा कोणाच्या हातात पडला पाहिजे हेही तिनेच बजावले. तिच्या मनात कोण आहे ते तीच सांगेल. निदान तिच्या साखरपुड्यापुरती साखर मी साहेबांकडून आणून देईन.