फ्लॉक म्हणजे कापूस

अण्णा, तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि मला मराठीत धड सांगता येत नव्हतं, तरी दर शुक्रवारी आपण दोघं त्या जाडजूड डिक्शनरीपुढे बसायचो. बहरीन सोडून निघालेल्या एका साहेबाने, सोफा मनासारखा भरून दिलात म्हणून, ती तुम्हाला दिली होती. इतकी जुनी, की त्यातले निम्मे शब्द माझ्या टीचरलाही ठाऊक नसावेत. नईम मोहल्ल्यातल्या आपल्या एका खोलीत आई भाकऱ्या थापतेय, सुट्टीच्या दिवशीही तुमच्या नखांत तंतू अडकलेले आहेत, आणि मी भरायच्या नि मढवायच्या सामानाचे शब्द शोधतेय. टिकिंग म्हणजे गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड. शॉडी म्हणजे जुन्या लोकरी चिंध्या फाडून पुन्हा केलेली लोकर. "म्हंजे सायबाची पण वाकळच की गो," तुम्ही म्हणता. बॉम्बॅस्ट म्हणजे पूर्वी छाती फुगीर दिसावी म्हणून अंगरख्यात भरायचे तो कापूस. त्यावर तुम्ही इतके हसलात की आईने हातातली भाकरी तशीच ठेवून विचारलं, काय झालं. "आमच्या अरबाबने तो पोटात भरलाय," तुम्ही सांगितलंत. अरबाब म्हणजे तुमचा मालक. मी निम्मा अर्थ इंग्रजीतच सांगायचे, तुम्ही तो आपल्या मराठीत वळवून वहीत लिहायचात.

नव्वदीच्या त्या वर्षांत वर्कशॉपमध्ये फोम आला. कापला, चिकटवला, वर कापड ओढलं की सोफा तयार, मग हाताने भरणारा माणूस हवा कशाला? तुमचा व्हिसा संपत आला होता. तो वाढवायचा की नाही, हे एका मॅडमच्या खुर्चीवर ठरेल असं अरबाबने तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. खुर्ची मॅडमच्या आजोबांची. आली तेव्हा नुसता लाकडी सांगाडा, आणि सोबत एका जुन्या पुस्तकातलं पान, कुठल्या थरात काय भरायचं ते सांगणारं. मॅडमना अगदी तसंच हवं होतं. ते पान तुम्ही घरी आणलंत, माझ्यासमोर पसरलंत. मी वाचत गेले. खाली गोणपाट, सगळ्यात वर घोड्याचे केस, तुम्ही मान डोलावत होतात. मधल्या मोठ्या थराचा शब्द होता फ्लॉक. तो मला येत नव्हता. डिक्शनरी कपाटावर होती, आणि खाली मैत्रिणीच्या वडिलांची गाडी हॉर्न वाजवत होती. झिंज भागातल्या तिच्या घरी तिचा वाढदिवस होता. मी म्हटलं, कॉटन.

"कापूस? नीट बघ गो बाय. कापूस बसतो. हितल्या दमट हवेत तर गोळेच होतील."

"इट सेज कॉटन, अण्णा!" आधीच डिक्शनरीत बघून ठेवल्यासारखी मी बुटाचा बंद बांधता बांधता ओरडले.

तुमच्या हाताला खरं काय ते माहीत होतं. पण छापील कागद आणि इंग्लिश शाळेतली मुलगी यांच्यापुढे तुम्ही हाताचं ऐकलं नाहीत. खुर्ची देखणी झाली. मला मुद्दाम वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवलीत, तिच्यावर बसवलंत. दोन-तीन महिन्यांत तिच्यात खड्डा पडला. मॅडम ती परत घेऊन आल्या आणि फ्लॉक म्हणजे पिंजलेली लोकर हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. अरबाब चिडलासुद्धा नाही. "खलास. अब फोम ही चलेगा," एवढंच म्हणाला. तिथे तुम्ही माझं नाव काढलं नाहीत.

सामान बांधून झालं त्या संध्याकाळी तुम्ही मला बाब अल बहरीनच्या बाजारात घेऊन गेलात. मला वाटलं, गावच्या लोकांना काही घ्यायचं असेल. तुम्ही एक नवी कोरी डिक्शनरी घेतलीत, रंगीत चित्रांची, आणि माझ्या हातात दिलीत. "ती जुनी चुकीची निघाली. तुझा काय दोष त्यात? ही घे, हिच्यात चुका नसतील." जुनी तुम्ही सकाळीच कचरापेटीपाशी ठेवून आला होतात. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी थँक यू म्हटलं.

गावी तोवर तयार गाद्या मिळायला लागल्या होत्या. तुम्ही पुन्हा काही भरलं नाहीत. दोन बोटं एकमेकांवर घासत, काहीतरी पिंजत असल्यासारखे, पडवीत बसून राहायचात, आणि ते बघवत नाही म्हणून मी आत जायचे. तीन पावसाळे काढलेत. मरणाच्या आदल्या आठवड्यात मी उशाशी बसले होते, सांगणारच होते. तुम्ही मला उशी हलवायला सांगितलीत आणि मी उशी हलवली. तशीच एक जुनी डिक्शनरी पुढे एका लायब्ररीत माझ्या हाती लागली. फ्लॉकपुढे लोकर असंच लिहिलेलं होतं, पहिल्याच ओळीत. शोधायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आता हे कुठे पाठवू? आता मला मराठी छान येतं, कुठल्याही शब्दाचा अर्थ तुम्हाला समजेल असा सांगता येईल, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही. आई थकलीय. काल जेवताना पुन्हा तेच म्हणाली, "त्या मेल्या पुस्तकाने घात केला आपला."

मी हो म्हटलं.